चड्डी घसरते म्हणून बाळ अशक्त नव्हे!

दिवाळी, गावची यात्रा आणि लग्नसराई या तीन हंगामांत आमच्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. तक्रार खरे म्हणजे कापडदुकानाची असते, पण ती येते डॉक्टरकडे. आई सांगते, "डॉक्टर, हा दोन वर्षांचा आहे. दोन वर्षांचे कपडे याला आखूड होतात. तीन-चार वर्षांचे घेतले तर लांबीला बरोबर येतात, पण चड्डी कमरेवर राहत नाही." बरोबर आलेली आजी लगेच पुस्ती जोडते, "पोराच्या अंगाला काही लागतच नाही. नुसता उंच वाढतोय. काहीतरी टॉनिक लिहून द्या."

बहुतेक वेळा असे मूल ठणठणीत असते. बैलगाडीच्या चाकापासून टीव्हीच्या बटणापर्यंत सगळीकडे हात घालणारे, दिवसभर पळणारे. पण कपडा ढगळ दिसला की घरात चर्चा सुरू होते. सून मुलाला नीट भरवत नाही, दूध कमी पडते, दृष्ट लागली, जंत झाले. मग जबरदस्तीचे भरवणे, दुकानातून परस्पर आणलेली भूक वाढवायची औषधे आणि महागडे पावडरीचे डबे येतात. कपड्याच्या मापावरून सुरू झालेली गोष्ट मुलाच्या पोटावर आणि आईच्या मनावर जाते. म्हणून या आठवड्यात उंच, सडपातळ लहान मुलांविषयी आणि त्यांच्या कपड्यांविषयी थोडे सविस्तर.

चिठ्ठीवरचे वर्ष

तयार कपड्यावर '२-३ वर्षे' असे छापलेले असते. हे वर्ष आले कोठून? कपडे शिवणारा कारखानदार एका सरासरी मुलाचे माप धरतो. त्या मापाची उंची, छाती आणि कंबर अशी एकमेकांशी बांधलेली असते. एका कारखान्याची सरासरी दुसऱ्याशी जुळतेच असे नाही. आपल्याकडे वस्त्रोद्योग मंत्रालयाने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेमार्फत, म्हणजे 'निफ्ट'मार्फत, भारतीयांच्या शरीराची मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला, पण त्याचा वयोगट १५ ते ६५ वर्षांचा. अंगणवाडीतले मूल त्यात नाही.

आता निसर्गाचे माप पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच वर्षांखालील मुलांच्या वाढीची मानके प्रसिद्ध केली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या निरोगी मुलांची मापे त्यासाठी घेतली होती. आपल्या देशातली मुले दिल्लीची होती. या मानकांनुसार दोन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ८७ सेंटीमीटर. पण ८१ पासून ९३ सेंटीमीटरपर्यंतची उंची नेहमीच्या मर्यादेतच धरतात. मुलींसाठी मध्यम उंची जवळपास ८६ आणि मर्यादा ७९ ते ९२. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेल्या दोन निरोगी मुलांच्या उंचीत जवळजवळ पाच इंचांचा फरक असू शकतो. दोघांनाही '२-३ वर्षे'चा एकच कपडा कसा बसावा?

परदेशात, विशेषतः युरोपात, लहान मुलांच्या कपड्यावर वर्षाऐवजी उंचीच छापतात: ८६, ९२, ९८, १०४. हे आकडे म्हणजे मुलाची सेंटीमीटरमधली उंची. आपल्या बाजारात निर्यातीसाठी शिवलेले आणि उरलेले कपडे विकायला येतात, त्यांच्या चिठ्ठीवर हे आकडे दिसतात. असा कपडा घेताना वय विसरावे आणि उंची पाहावी.

दोन वर्षांचे मूल बारीक का दिसते?

पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंटीमीटर वाढते आणि त्याचे वजन जन्माच्या तिप्पट होते. दुसऱ्या वर्षी उंची ११-१२ सेंटीमीटर वाढते, तिसऱ्या वर्षी सुमारे ९. वजनाचा वेग मात्र फारच मंदावतो. दुसऱ्या वर्षानंतर वर्षाला दोन किलोच्या आसपास वाढ होते. शिवाय नवव्या महिन्याच्या सुमारास अंगावर असलेली चरबी पुढे हळूहळू उतरत जाते, ती पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत. गुबगुबीत बाळाचे चपळ मूल होते ते असे.

त्यातच शरीराचा बांधा बदलतो. तान्ह्या बाळाचे डोके आणि धड मोठे, पाय आखूड. चालायला लागल्यावर पाय झपाट्याने लांबतात. म्हणून आधी पँट आखूड होते, सदरा नंतर. दंडाचा घेर तर एक ते पाच वर्षे या चार वर्षांत फार तर दीड-दोन सेंटीमीटर वाढतो. बाही लांब करावी लागते, पण रुंद करण्याची गरज पडत नाही. बाजारातला मोठ्या नंबरचा कपडा मात्र लांबीबरोबर रुंदीलाही वाढलेला असतो. अडचण होते ती इथे.

आईवडील उंच असतील तर मूल उंच असणारच. एक साधा हिशेब सांगतो. आईवडिलांची उंची सेंटीमीटरमध्ये मिळवा, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा आणि दोनाने भागा. वडील १७८ आणि आई १६३ असेल, तर मुलाची मोठेपणीची अंदाजी उंची १७७ येते. हा अंदाज आहे, पत्रिका नव्हे. पण वडिलांना दारातून वाकून आत यावे लागते आणि पोरगा उंच का म्हणून घरात काळजी, असे होऊ नये.

सडपातळ की कुपोषित?

हा खरा प्रश्न. तो डोळ्यांनी सुटत नाही, वजनकाटा आणि पट्टी यांनी सुटतो.

समजा, दोन वर्षांचा मुलगा ९२ सेंटीमीटर उंच आहे आणि वजन १२ किलो. दोन वर्षांच्या मुलाचे मध्यम वजन १२ किलोच्या थोडे वर. म्हणजे वयाच्या मानाने याचे वजन अगदी बरोबर! पण तेच १२ किलो जास्त लांबीवर पसरले आहेत, म्हणून तो बारीक दिसतो. ९२ सेंटीमीटर उंचीला मध्यम वजन सव्वातेरा-साडेतेरा किलो येते आणि खालची मर्यादा साधारण साडेअकरा. हा मुलगा त्या मर्यादेच्या आत आहे. त्याला टॉनिक नको, नीट बसणारी चड्डी हवी.

आता दुसरा मुलगा घ्या. त्याच उंचीचा, पण वजन साडेदहा किलो. तोही 'उंच आणि सडपातळ'च म्हणवला जाईल. पण हे मूल आजारी किंवा उपाशी आहे असे धरून तपासायला हवे. घरच्या माणसांना दोघांतला फरक सहसा कळत नाही, कारण मूल रोज डोळ्यांसमोर असते आणि स्वेटर-कानटोपीत दीड किलोची तूट सहज लपते.

म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, उंचीच्या मानाने वजन. दुसरी, दंडाचा घेर. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा डावा दंड मध्यभागी मोजावा. साडेबारा सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर ठीक. साडेबाराच्या खाली असेल तर मूल कुपोषित आहे, साडेअकराच्या खाली असेल तर तीव्र कुपोषित, आणि मग एक दिवसही थांबू नये. अंगणवाडीत हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगाची पट्टी असते ती यासाठीच. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाढीची रेघ. एका दिवसाचे वजन काही सांगत नाही, चार महिन्यांची वजने सगळे सांगतात. माता-बाल संरक्षण कार्डावर मुलासाठी निळा आणि मुलीसाठी गुलाबी आलेख असतो. मूल सडपातळ असले तरी त्याचे ठिपके वरच्या दिशेने, वक्ररेषेला धरून चालले असतील, तर निश्चिंत राहावे.

एकात्मिक बालविकास योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. इतक्या वर्षांनंतरही काही आज्या म्हणतात, "मूल तोलू-मापू नये, वाढ खुंटते." आजींना नम्रपणे सांगावे, की तोलल्याने वाढ खुंटत नाही, खुंटलेली वाढ कळते.

चड्डी काय सांगते?

गंमत अशी, की मुलाचे कपडेही वाढीची वही असतात. आमच्या खेड्यांतल्या आज्या कमरेच्या करदोट्यावरून मुलाची तब्येत ओळखत. करदोटा रुतायला लागला की मूल बाळसे धरते आहे, सैल झाला की काहीतरी बिनसले आहे. या निरीक्षणात तथ्य आहे. तेच कपड्यांना लावून पाहू.

चड्डी आखूड झाली, पण कंबर तेवढीच राहिली: मूल उंचीने वाढते आहे. या वयात हे नैसर्गिक आहे.

चड्डी पहिल्यापासूनच कमरेत सैल होती: दोष चड्डीच्या मापात आहे, मुलात नाही.

सहा-आठ महिन्यांत ना लांबी कमी पडली, ना कंबर घट्ट झाली: उंची आणि वजन करून घ्यावे. वाढ थबकलेली असू शकते.

आधी नीट बसणारी चड्डी आता घसरायला लागली: हे लक्षण गंभीर समजावे आणि मुलाला डॉक्टरकडे न्यावे.

या शेवटच्या प्रकाराचे एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका वाडीवरून अडीच वर्षांच्या मुलीला तिच्या आईने आणले. शिक्षण बेताचे, पण निरीक्षण पक्के. ती म्हणाली, "डॉक्टर, यात्रेला घेतलेली पँट तेव्हा हिला नीट बसत होती. आता हातात धरून पळते." घरातले सगळे म्हणत होते, मुलगी उंच होते आहे, अंग ओढले आहे एवढेच. अंगणवाडीचे कार्ड पाहिले. तीन महिन्यांत वजन वाढण्याऐवजी पाऊण किलो उतरले होते. संध्याकाळी अंग कोमट लागायचे. घरी खोकणारे कोणी आहे का, असे विचारल्यावर आई म्हणाली, सासरे दोन महिने खोकतात, पण ते तंबाखूमुळे. सासऱ्यांची थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. बालरोगतज्ज्ञांनी तपासल्यावर मुलीलाही क्षयाची बाधा झाल्याचे निश्चित झाले. दोघांनाही सरकारी मोफत औषधे सुरू झाली आणि पूर्ण मुदतीच्या उपचारानंतर दोघेही बरे झाले. त्या घरात सर्वांत आधी खरे बोलली ती ती पँट, आणि तिचे ऐकले ते त्या आईने.

बारीकपणाबरोबर पुढीलपैकी काही असेल तर लगेच दाखवावे: वारंवार पातळ, दुर्गंधीयुक्त जुलाब, बारीक ताप, खेळण्यातला उत्साह जाणे, ओठ-तळवे पांढुरके पडणे, खूप तहान आणि खूप लघवी. लघवीला मुंग्या लागतात म्हणून आणलेल्या लहान मुलात मधुमेह निघतो. फार क्वचित, अतिउंच बांधा, लांबसडक बोटे आणि अधू दृष्टी अशी लक्षणे एकत्र असतात आणि घरात कोणी तरुणपणी हृदयविकाराने अचानक दगावलेले असते. अशा वेळी हृदय तपासून घ्यावे.

माप कसे घ्यावे?

दोन वर्षांखालील मुलाची लांबी आडवे झोपवून, गुडघे हलकेच सरळ करून मोजावी. दोन वर्षांनंतर भिंतीला टाच, कुल्ले आणि पाठ टेकवून उभे करावे, डोक्यावर पुस्तक आडवे धरावे आणि पेन्सिलीने खूण करावी. खुणेजवळ तारीख लिहून ठेवा.

कपड्यासाठी आणखी चार मापे हवीत: छाती, बेंबीवरून पोटाचा घेर, जांघेपासून घोट्यापर्यंत पायाची लांबी आणि खांद्यापासून मनगटापर्यंत हाताची लांबी. पोटाचा घेर जेवण झाल्यावर घ्यावा. या वयाच्या मुलाचे पोट जेवल्यावर चांगलेच पुढे येते आणि सकाळी बसलेली चड्डी दुपारी काचते. लंगोट किंवा डायपर वापरत असाल तर तो बांधूनच माप घ्यावे, म्हणजे आसन पुरेसे येईल. ही पाच मापे चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवली, तर नगरच्या कापडबाजारात किंवा शिरूरला खरेदीला जाताना मुलाला उन्हातून न्यायची गरज नाही.

शिंप्याला काय सांगावे?

आपल्याकडे 'वाढत्या अंगाचे' शिवण्याची पद्धत फार जुनी. हेतू चांगला, पण मूल दोन्ही बाजूंनी सारखे वाढेल असे धरून शिवले जाते. सडपातळ मुलासाठी शिंप्याला स्पष्ट सांगावे: "घेर आजचा ठेवा, वाढ लांबीत द्या." पँटच्या तळाशी दोन-अडीच इंच कापड आत दुमडून ठेवावे. तिसऱ्या वर्षात मूल साडेतीन इंच वाढते, त्यातला मोठा वाटा पायांचा, म्हणून एवढी दुमड साधारण वर्षभर पुरते. बाहीलाही इंचभर दुमड ठेवावी. बाजूच्या शिलाईत अर्धा इंच माया पुरे. मुलींच्या फ्रॉकला आणि परकराला खालच्या बाजूने आडव्या टिपा घालून ठेवाव्यात आणि लागेल तशी एकेक उसवावी. आपल्या आज्या हेच करत होत्या.

कमरेसाठी उत्तम उपाय म्हणजे नेफ्यात आतून काजे पाडलेले इलॅस्टिक आणि दोन बाजूंना बटणे. मूल भरले की एक काज सैल सोडायचे. काही तयार कपड्यांत ही सोय असते, घेताना नेफा उलटून पाहावा. ती नसेल तर नेफा थोडा उसवून साधे इलॅस्टिक बदलून घेता येते, त्याला फारसा खर्च येत नाही. पूर्वीची गॅलिसची चड्डीही सडपातळ मुलांना फार सोयीची, कारण तिचा भार कमरेवर नव्हे तर खांद्यावर असतो. फक्त शी-शूची सवय लागत असलेल्या मुलाला ती स्वतः पटकन सोडता आली पाहिजे, एवढे पाहावे.

आरोग्याच्या चार गोष्टी

घसरू नये म्हणून इलॅस्टिक घट्ट करणे हा सर्वांत वाईट इलाज. नेफ्यात दोन बोटे सहज जावीत. चड्डी काढल्यावर अर्ध्या तासानेही वळ दिसत असेल तर ती घट्ट आहे. त्या वळात घाम साचतो, खाज सुटते, नायटा होतो. करदोट्याखालची जागाही रोज धुऊन कोरडी करावी.

सेफ्टी पिन लावून कंबर आवळू नये. ती उघडते, टोचते आणि कधी मुलाच्या तोंडात जाते. सैल झालेले बटणही तसेच. दोरा लोंबायला लागला की त्याच दिवशी बटण टाचावे.

गळ्याशी आणि टोपीला लांब नाडी नको. झोपाळ्यात, खाटेच्या खुरात किंवा दाराच्या कडीत ती अडकली तर गळफास बसतो. युरोपातल्या सुरक्षा मानकांत सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला अशी नाडी चालत नाही.

पायात येणारी लांब पँट आणि जमिनीला टेकणारा फ्रॉक यांमुळे मूल तोंडावर पडते. चुलीजवळ किंवा गॅसच्या शेगडीजवळ तर ढगळ नायलॉनचा कपडा जीवघेणा आहे. तो पेटला की वितळतो आणि कातडीला चिकटतो. घरात घालायला सुती कपडाच बरा. थंडीत आपल्या तालुक्यात रात्री चांगलाच गारठा असतो. सडपातळ मुलाच्या अंगावर चरबी कमी, त्याला थंडी लवकर बाधते. एक जाड स्वेटर ढगळ घालण्यापेक्षा अंगाबरोबर बसणारे दोन सुती कपडे आणि वर हलका स्वेटर जास्त ऊब देतो.

आणि जेवण?

मूल निरोगी असले तरी जेवणाकडे दुर्लक्ष नको. पोट लहान, म्हणून तीन जेवणे आणि मध्ये दोन खाणी द्यावीत. घासागणिक सत्त्व वाढवावे. कुस्करलेल्या बाजरीच्या भाकरीत दूध किंवा डाळ आणि चमचाभर तूप, भाजीत शेंगदाण्याचे कूट, मोड आलेली मटकी मऊ शिजवून, हुलग्याचे माडगे, चालत असेल तर रोज एक अंडे. चहा-बिस्किटाने भूक मरते आणि चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, म्हणून चहा बंदच. दूधही दिवसाला अर्धा लिटर पुरे. दुधानेच पोट भरले तर भाकरी-भाजीला जागा उरत नाही. अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नये. भूक वाढवायचे औषध डॉक्टरला न विचारता देऊ नये. त्यातल्या काही औषधांनी मूल पेंगुळते आणि खरा आजार झाकला जातो.

मूल किती खाते यापेक्षा ते खेळते कसे, झोपते कसे आणि त्याच्या वाढीची रेघ चढते कशी, हे पाहा. शेजारणीचे गुटगुटीत बाळ हे आपल्या बाळाचे माप नव्हे.

तेव्हा यंदाच्या सणाला मुलाचे कपडे घेण्याआधी एक काम करा. अंगणवाडीत जाऊन त्याची उंची, वजन आणि दंडाचा घेर मोजून घ्या. तिन्ही ठीक असतील तर आपला मुक्काम शिंप्याच्या दुकानात, नसतील तर दवाखान्यात. आणि जुनी चड्डी कमरेतून सैल होऊ लागली असेल, तर नवी घेण्याआधी मुलाला तपासून घ्या.